खडखडाटातली खोली

सोमवारी सकाळी साडेदहाला जुलेखाच्या मोबाइलवर जिल्ह्याच्या ऑफिसातून निरोप आला आणि साडेअकरापर्यंत तो अख्ख्या भवानी पेठेला ठाऊक झाला. मधल्या तासात जुलेखाने तो फक्त दिपालीला सांगितला होता आणि दिपालीने फक्त समोरच्या चहावाल्या मायाक्काला. मायाक्काला सांगितल्यावर पुढे आणखी कुणाला सांगायचं काम उरत नाही, हे दिपालीला कळायला हवं होतं, पण ती करमाळ्याची, पेठेत येऊन तिला दोनच वर्षं झालेली. निरोप असा होता की मुंबईची दर ठरवणारी समिती गुरुवारी सोलापुरात येणार आहे आणि राज्यभरातली जी सहा केंद्रं ती स्वतः बघणार आहे, त्यांत भवानी पेठेतलं ‘मोकळीक’ आहे.

‘मोकळीक’ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. दोन खोल्या, चार खुर्च्या, एक कपाट, आणि जुलेखा व दिपाली या दोन समुपदेशक. ज्याच्या मनाला काही लागलंय, ज्याची झोप उडालीय, ज्याला उगाच रडू येतं, त्याने यावं आणि बोलावं. येणाऱ्याने एक पैसा द्यायचा नाही. दर बैठकीमागे सरकार केंद्राला पैसे देतं, आणि त्यावर दोघींचे पगार, भाडं, वीज सगळं चालतं.

आता सरकार किती देतं, ते ऐका. एका बैठकीचे एकशेवीस रुपये. पण हे एकशेवीस कधी? बैठक ‘स्वतंत्र बंद खोलीत’ झाली तर. खोलीबाहेर झाली की तिचं नाव ‘फिरती भेट’, आणि फिरत्या भेटीला निम्मे, म्हणजे साठ. साठ रुपयांत हल्ली सोलापुरात माणूस डोक्यावरचे केस कापून घेऊ शकत नाही, आणि इथे तर डोक्याच्या आतलं काम. हा दर ज्याने ठरवला त्याला एकदा उन्हाळ्यात पेठेत आणून बसवावं, असं जुलेखाला गेली सात वर्षं वाटत होतं. आणि आता तो खरंच येत होता!

जुलेखाच्या शंभरातल्या ऐंशी बैठका खोलीबाहेर होत. तिला काही तशी हौस नव्हती. सुरुवातीला तिने सगळं नियमाप्रमाणेच केलं होतं. पेठेतली निम्मी माणसं यंत्रमागावर काम करणारी, चादरी आणि टॉवेल विणणारी. मागापाशी वीस वर्षं उभा राहिलेला माणूस हळू बोलायचं विसरतो, कारण त्याला स्वतःचाच आवाज धड ऐकू येत नाही. अशाच एका गड्याला जुलेखाने खोलीत बसवलं, दार लावलं, प्रेमाने विचारलं. तो सासऱ्याबद्दल सांगायला लागला, की त्यांनी मला कधी जावई मानलंच नाही. ते बोलणं दार ओलांडून, गल्ली ओलांडून मायाक्काच्या गाड्यावर पोचलं आणि संध्याकाळी सासरा काठी घेऊन हजर. त्यानंतर चार महिने केंद्रात चिटपाखरू फिरकलं नाही.

मग एके दिवशी पाण्याच्या टाकीचं काहीतरी विचारायला ती शेजारच्या बडेसाबचाचांच्या कारखान्यात गेली. आठ माग धडाडून चालू होते. तिथे हाक मारून काही उपयोग नसतो, म्हणून मागावरची माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचतात. जुलेखाला ही विद्या शाळेत जायच्या आधीपासून येत होती. तिचे अब्बा तीस वर्षं मागावर होते आणि त्यांचा दुपारचा डबा तीच न्यायची. तर त्या दिवशी कोपऱ्यातल्या गुरप्पाने, अक्कलकोटकडचा हा पन्नाशीचा गडी, तिच्याकडे बघितलं आणि नुसत्या ओठांनी म्हणाला, “अक्का, बायकू गेल्यापास्नं मला झोप न्हाई.” जुलेखाने तिथेच एक स्टूल ओढलं. शेजारच्याने गुरप्पाचा माग सांभाळला आणि गुरप्पा पाऊण तास बोलला. आजूबाजूला सात माणसं होती, पण कुणाच्या कानावर एक अक्षर गेलं नाही.

पाठ फिरवून बसलं की ओठही कुणाला दिसत नाहीत. झालं तर मग! महिन्याभरात बडेसाबचाचांच्या कारखान्याचा तो कोपरा म्हणजेच ‘मोकळीक’ झाला. इतर कारखान्यांतले गडी, कांड्यांवर सूत भरणाऱ्या बायका, सगळे तिथेच येऊन बसू लागले. चाचांनी एक शब्द न बोलता कोपरा मोकळा करून दिला, भिंतीशी दोन स्टुलं ठेवली, आणि बोलणाऱ्याकडे कुणी टक लावून बघितलं तर त्याच्या अंगावर धावून जायचं काम स्वतःकडे घेतलं.

लोक बरे होत होते आणि केंद्र मरत होतं. कारण बहुतेक बैठका म्हणजे फिरत्या भेटी, आणि त्या प्रत्येकीला साठ. जुलेखाने नऊ पत्रं लिहिली की मागाजवळच्या बैठकीला पूर्ण दर द्या. नऊही वेळा एकच उत्तर आलं, नियमात तरतूद नाही. शेवटी केंद्र चालवणाऱ्या संस्थेने हात टेकले. दर बदलला नाही तर मार्चअखेर ‘मोकळीक’ला कुलूप, हे त्यांनी लेखी कळवलं होतं. म्हणजे गुरुवारी जे काही होणार होतं, त्यावर सगळं होतं.

आता सोलापूरकराला पाहुणा येतो म्हटलं की त्याचं भान सुटतं, हे काही वेगळं सांगायला नको. पाहुणा तपासणीला येतोय की जेवायला, हा विचारच त्याच्या डोक्यात येत नाही. मंगळवारी मायाक्काने शेंगाचटणी कुटायला घेतली. बुधवारी कडक भाकऱ्यांची चळत तयार झाली. बडेसाबचाचा सत्तरीला टेकलेले, पण त्यांच्या अंगात वीज संचारली होती. सरकार माझ्या कारखान्यात येतंय, हे त्यांनी दूध घालणाऱ्यापासून वीजबिलवाल्यापर्यंत प्रत्येकाला ऐकवलं. भिंतींना चुना लागला. आठही कामगारांना नवे शर्ट शिवून आले, तेही एकाच कापडाचे, त्यामुळे सगळे मिळून बँडवाले दिसायला लागले. जुलेखाचं तर जेवणात लक्ष नव्हतं. ती चालता चालता मनातल्या मनात मुंबईच्या मॅडमशी बोलत होती, आणि दोनदा तर मोठ्यानेच बोलली.

बुधवारी संध्याकाळी चाचा तिच्याकडे आले. म्हणाले, इतका गोंधळ चालू राहिला तर मेहमान ऐकणार काय? उद्या दुपारपर्यंत माग बंद ठेवतो, गल्लीतल्या बाकीच्यांनाही सांगतो. जुलेखाला ते एकदम पटलं. गुरप्पाचं बोलणं मुंबईच्या माणसांनी स्वतःच्या कानांनी ऐकावं, हीच तर तिची सात वर्षांची इच्छा होती. “हौ चाचा, बंद ठेवा,” ती म्हणाली. इतकी हुशार बाई, पण आनंदात माणसाची अक्कल गहाण पडते ती अशी.

गुरुवारी अकराला गाडी आली. आतून उतरल्या विजयमाला मॅडम, वित्त खात्यातल्या अधिकारी, समितीच्या प्रमुख, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्यामागून पृथ्वीराज, तिशीतला, हातात टॅबलेट, चेहऱ्यावर रात्रभरच्या प्रवासाची कळा. त्यांना पुढे धाराशिवला जायचं होतं, हातात एक तास होता. त्यातली पंचवीस मिनिटं सत्कारात गेली. टोपी, टॉवेल, नारळ. मग मॅडमना चादर. मग पृथ्वीराजलाही चादर, कारण एकाला दिली आणि एकाला नाही हे शोभत नाही. मग गाडीच्या ड्रायव्हरलाही टोपी-टॉवेल. मॅडम दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होत्या आणि चाचा दर पाच मिनिटांनी आणखी एक चटणीची पुडी पुढे करत होते.

अखेर मॅडम म्हणाल्या की आता प्रत्यक्ष बैठक कशी चालते ते दाखवा.

कारखान्यात गुरप्पा नव्या शर्टात स्टुलावर बसला होता. बाकीचे सात जण भिंतीशी ओळीने. आठही माग बंद. गल्लीतले सगळे माग बंद. जुलेखाने जन्मात पेठेत इतकी शांतता अनुभवली नव्हती. लांब कुणीतरी सायकलची घंटी वाजवली तीसुद्धा स्पष्ट ऐकू आली. तिने गुरप्पाला विचारलं, झोप कशी लागते हल्ली?

गुरप्पाने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. “झकास हाय, अक्का,” तो म्हणाला, आणि त्याचं ते झकास रस्त्यापलीकडच्या मायाक्कालासुद्धा ऐकू गेलं असणार, कारण तिकडची कपबशी थांबली.

जुलेखाने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. झकास. मग तिने नरसय्याला बोलावलं, ज्याच्या छातीत सहा महिने धडधड होत होती. तोही बरा होता. मग तिसरा आला. त्याला तर काही झालंच नव्हतं, तो सहज आला होता. सगळी पेठ कान देऊन ऐकतेय म्हटल्यावर कोण कशाला स्वतःचं दुखणं चव्हाट्यावर मांडेल! पृथ्वीराजची बोटं टॅबलेटवर चालली. जुलेखा त्याच्या बाजूलाच होती, तिला दिसलं. त्याने लिहिलं होतं, ‘लाभार्थ्यांना विशेष त्रास आढळला नाही.’

सात वर्षं, नऊ पत्रं, आणि एवढी एक ओळ मुंबईला जाणार, आणि त्या ओळीवर मार्चमध्ये कुलूप लागणार. तिने भिंतीशी बसलेल्या सात जणांकडे बघितलं. सगळे खाली माना घालून होते. ती माणसं खोटारडी नव्हती, लाजलेली होती. आणि मग तिला मागच्या आठवड्यातला हाच गुरप्पा आठवला, ओठ थरथरत बोलणारा, आणि त्याच्या मागे आठ मागांचा तो धडधडाट. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो धडधडाट हेच इथलं दार, आणि आपण ते पाहुण्यांसाठी उघडून ठेवलं होतं, सताड!

“चाचा,” ती म्हणाली, “माग चालू करा.”

चाचांना वाटलं पोरीला चक्कर आली. मेहमान उभे असताना? त्यांनी हळूच विचारलं, एखादा करू का?

“सगळे. आणि गल्लीतल्यांना पण सांगा.”

पहिला माग खडखडला तशा मॅडम दचकल्या. दुसरा, तिसरा, करत आठवा सुरू झाला तेव्हा पृथ्वीराज काहीतरी ओरडून विचारत होता आणि ते त्याचं त्यालासुद्धा ऐकू येत नव्हतं. जमीन थरथरायला लागली. कामगार उठले, आपापल्या मागाशी गेले आणि त्यांच्या चेहऱ्यांवर जीव आला. गुरप्पाने स्टूल भिंतीकडे वळवलं, सगळ्यांकडे पाठ केली, जुलेखाच्या तोंडासमोर तोंड आणलं, आणि त्याचे ओठ हलायला लागले. आठ दिवसांपासून परत झोप येत नव्हती. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि घरात आनंद होता, आणि त्या आनंदात एक माणूस नाही हे त्याला कुणापाशी बोलता येत नव्हतं. जुलेखाने विचारलं, त्याने सांगितलं, तिने परत विचारलं. मध्येच त्याने नव्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

मॅडमनी आधी कानांत बोटं घातली होती. मग काढली. मग त्या नुसत्याच बघत राहिल्या, गुरप्पाच्या हलणाऱ्या पाठीकडे आणि जुलेखाच्या चेहऱ्याकडे. पृथ्वीराजने कधीतरी मोबाइलवर वेळ लावली होती. गुरप्पा उठला तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती आणि धाराशिवचं कुणाच्याही लक्षात नव्हतं.

केंद्रात आल्यावर मात्र पृथ्वीराजने आपला मुद्दा सोडला नाही. तो काही वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या अर्जात एक चौकट होती, ‘स्वतंत्र बंद खोली, आहे किंवा नाही’, आणि ती त्याला भरायची होती. जे आम्हाला ऐकूच आलं नाही त्याचे पूर्ण पैसे द्या, असं सरकारला कसं लिहू, हे त्याचं म्हणणं. जुलेखाच्या अंगात आता वेगळीच हिंमत आली होती. हातातून सगळं जाताना एकदा पाहिलं की माणूस पुढच्याला घाबरत नाही.

“साहेब, ती खोली कशासाठी मागता तुम्ही?” तिने विचारलं.

“तिसऱ्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून,” उत्तर मॅडमनी दिलं.

“मग तेच मोजा की. दार कशाला मोजता?”

मॅडमनी पृथ्वीराजकडे बघितलं. पृथ्वीराजने क्षणभर विचार केला आणि खरं सांगायचं तर त्या क्षणापासून त्यालाही मजा वाटायला लागली. रात्रभरचा प्रवास त्याच्या तोंडावरून पुसला गेला. त्याने गुरप्पाला केंद्राच्या बंद खोलीत दिपालीसमोर बसवलं, स्वतः दार लावलं आणि सांगितलं, खाजगी काही नको, सकाळी काय खाल्लं तेवढं सांगा. मग सगळे बाहेर येऊन उभे राहिले. बंद दारातून गुरप्पाचा आवाज खणखणीत बाहेर आला, दोन भाकरी, चटणी आणि दही. रस्त्यापलीकडून मायाक्काने ओरडून कळवलं की दोन नव्हे, चार, मी स्वतः वाढल्यात. पेठ हसली. मॅडमसुद्धा हसल्या, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग कारखाना. माग धडाडत होते. गुरप्पा जुलेखासमोर बसून तेच सांगायला लागला. पृथ्वीराज तीन हातांवर उभा राहिला, काही नाही. दोन हातांवर, काही नाही. एका हातावर आला, कान पुढे केला, चाचांनी नाराजीने बघितलं तरी तिथेच राहिला, आणि शेवटी मान हलवून सरळ उभा राहिला. पण एवढ्यावर त्याचं समाधान होईना. त्याने खुणेनेच गुरप्पाला उठवलं आणि स्वतः त्या स्टुलावर बसला. मॅडमना त्याने दोन हातांवर उभं राहायला खुणावलं.

आधी त्याने एक ते दहा आकडे म्हटले. जुलेखाने बोटं दाखवून ते बरोबर परत केले. मग तो थांबला. मग त्याने आणखी एक वाक्य म्हटलं, आणि मग आणखी एक, आणि आता तो आकडे म्हणत नव्हता. जुलेखा पुढे झुकली. तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी विचारलं. तो खाली बघत बोलत राहिला, तेव्हा तिने त्याला वर बघायला खुणावलं, कारण ओठ दिसायला हवेत. चार मिनिटं झाली, पाच झाली. चाचांनी पाठ फिरवली आणि आपल्या कामगारांनाही फिरवायला लावली.

बाहेर आल्यावर मॅडमनी जुलेखाला विचारलं, तो काय म्हणाला?

“आकडे म्हणाले, एक ते दहा.”

“आणि नंतर?”

समोर दर ठरवणारी बाई होती आणि आपलं केंद्र तिच्या पेनाच्या टोकावर होतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

“ते मला सांगता येणार नाही, मॅडम,” ती म्हणाली.

मॅडमनी पृथ्वीराजच्या हातातला टॅबलेट घेतला, ती ‘विशेष त्रास आढळला नाही’ची ओळ पुसली, आणि अर्जातल्या चौकटीत ‘आहे’वर स्वतःच्या बोटाने खूण केली. पृथ्वीराज गाडीकडे बघत उभा होता. त्याच्या काखेत चादर घट्ट धरलेली होती. गाडी गेली तेव्हा दीड वाजला होता.

त्यानंतरचे सात आठवडे जुलेखाने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. खूण केली म्हणजे झालं असं सरकारात नसतं. अहवाल एका टेबलावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. रोज नवी आवई. एके दिवशी दर पाचशे होणार होता, दुसऱ्या दिवशी सगळी योजनाच बंद होणार होती. दिपालीला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं, फोनवरून समुपदेशन करणारी कुठलीशी कंपनी, पगार दुप्पट. तिने पंचवीस मार्चपर्यंत मुदत मागून घेतली आणि दर तासाला ती सरकारी वेबसाइट उघडून बघायला लागली. जुलेखाने कपाटातल्या फायली खोक्यात भरायला घेतल्या, निम्म्या भरल्या आणि सोडून दिल्या. भरल्या तर खरंच बंद होईल, अशी तिला उगाचच भीती वाटली.

बावीस मार्चला दुपारी दिपाली किंचाळली. तीन पानांचा आदेश होता. ती मोठ्याने वाचायला लागली आणि जुलेखा भिंतीला टेकून उभी राहिली, कारण बसायला खुर्ची कुठे आहे ते तिला दिसेना. दर बैठकीला तीनशे रुपये. आणि दुसऱ्या पानावर, स्वतंत्र बंद खोली हे शब्द काढून त्या जागी असं लिहिलं होतं की जिथे दोघांचं बोलणं तिसऱ्या व्यक्तीस ऐकू जात नाही अशी कोणतीही जागा, आणि तिथल्या बैठकीस पूर्ण दर. दिपालीने ते वाक्य तीनदा वाचलं. चौथ्यांदा जुलेखाने स्वतः वाचलं आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, हसल्या, परत रडल्या. दिपालीने तिथल्या तिथे पुण्याला नकार कळवला. मायाक्काला कुणी काही सांगितलं नाही, तरी पाच मिनिटांत ती ताटभर शेंगापोळ्या घेऊन आली. संध्याकाळपर्यंत पेठेत वाटायला घर उरलं नाही. संस्थेचा फोन आला, कुलपाचं पत्र रद्द. गुरप्पाने तर चार माग ओलांडून येऊन जुलेखाच्या हातात नारळ दिला, का ते त्यालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जुलेखा कारखान्यात आली. माग चालू होते. नव्या दराची पहिली बैठक कुणाची, यावरून बायकांमध्ये थट्टा चालली होती, असं दिपालीने येता येता सांगितलं होतं. तिने कोपऱ्याकडे बघितलं. स्टुलावर बडेसाबचाचा बसले होते.

तिला वाटलं, हिशोबाचं किंवा टाकीचं काहीतरी असेल. ती समोर बसली आणि खुणेने विचारलं, काय चाचा? चाचांनी स्टूल भिंतीकडे वळवलं. जो माणूस सात वर्षं दुसऱ्यांच्या पाठीमागे पहारा देत उभा होता, त्याची पाठ आज कारखान्याकडे होती. त्यांच्या जागी पहाऱ्याला गुरप्पा उभा होता, छाती काढून.

चाचांचे ओठ हलले. जुलेखाने वाचलं.

“सात सालांपासून रोज बघतो मी, बेटी. लोक हितं बसतात, हलके होऊन उठतात. माझ्या पण लई मनात यायचं.”

मग आधी का नाही बसलात, असं तिने विचारलं. चाचांनी तिच्याकडे असं बघितलं, की एवढी शिकलेली पोर आणि एवढं कळू नये.

“तुला निम्मी मजुरी मिळत होती,” ते म्हणाले. “पन्नास सालांत मी कुणाला निम्म्या मजुरीवर माझ्या कामाला लावलं न्हाई. तुला कसं लावू? आज पुरी मिळती, म्हणून बसलो.”

शेजारच्या मागावर धोटा इकडून तिकडे पळत होता. चाचांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, एकदा डोळे मिटले आणि उघडले.

“खालिद,” ते म्हणाले.

खालिद म्हणजे त्यांचा मुलगा. अकरा वर्षांपूर्वी बापाशी भांडून, आठव्या मागावरची चादर अर्धी विणलेली सोडून तो घरातून निघून गेला होता, आणि त्याचं नाव काढायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. जुलेखाने स्टूल आणखी पुढे ओढलं आणि चाचांच्या ओठांवरची नजर ढळू दिली नाही.